एका चौदा वर्षांच्या मुलीचा प्रश्न

(उपासक-उपासिकांच्या सभेत केलेले भाषण)



तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरातील देव्हारा आता गेला आहे. ज्या कोनाड्यात खंडोबाचे आणि मरीआईचे टाक होते तेथे भगवान बुद्धांची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर आली आहे. टाक नदीत सोडणे हे एका दिवसाचे काम होते, ते तुम्ही केलेत. परंतु त्या टाकांबरोबर ज्या कहाण्या आपल्या घरात नांदत होत्या, अमक्या व्रताने तमकीचा नवरा परत आला, व्रत मोडले म्हणून राणीची दासी झाली, त्या कहाण्यांच्या जागी आपल्या मुलीबाळींना आता काय सांगावयाचे हा प्रश्न एका दिवसात सुटणारा नव्हे. लहान मुलीला गोष्ट ही हवीच असते. तुम्ही सांगितली नाहीत तर ती शेजारच्या घरातून आणील, आणि गोष्टीच्या मागोमाग एखादे दिवशी उपवासही घरात येईल.

म्हणून आज मी तुम्हांला गोष्टीच सांगणार आहे. मात्र त्या घडलेल्या गोष्टी आहेत. बाबासाहेबांचे चरित्र तुम्ही जाणता. सावित्रीबाई आणि माता रमाई यांची नावे आता घरोघर पोहोचली आहेत, त्यांच्याविषयी इतर पुष्कळ वक्ते बोलतात. मी बोलणार आहे ते अशा काही बायकांविषयी, की ज्यांचे नाव घेताच या सभेतील निम्म्या मंडळींना "ह्या कोण?" असे विचारावेसे वाटेल.

पहिले नाव मुक्ताबाईचे. पुणे शहर, साल १८५५. जोतीराव आणि सावित्रीबाई यांच्या शाळेत शिकणारी, मांग समाजात जन्मलेली ही मुलगी, मुक्ता साळवे. वय वर्षे चौदा. शाळेत जाऊ लागून तिला तीनच वर्षे झाली होती. या मुलीने मांगमहारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला आणि तो अमेरिकन मराठी मिशनच्या 'ज्ञानोदय' पत्रात १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ अशा दोन अंकांत छापून आला. तिचे एवढे एकच लिखाण आज आपल्या हाती आहे.

तो काळ कोणता होता हे आधी ध्यानी घ्या. मुंबई विद्यापीठ अद्याप निघावयाचे होते. बाबासाहेबांच्या जन्माला अजून ३६ वर्षांचा अवकाश होता. पेशवाई बुडून ३७ वर्षे लोटली होती, म्हणजे ज्यांनी ती अंगावर सोसली ती म्हातारी माणसे वाड्यावस्त्यांत अजून जिवंत होती आणि बोलत होती. अशा वेळी, ज्या जातीच्या माणसाने अक्षर ओळखू नये असा शास्त्राचा दंडक होता, त्या जातीची एक मुलगी बोरू हाती घेते. ती काय लिहील असे तुम्हांला वाटते? आम्ही गरीब आहोत, आमच्यावर दया करा, असे लिहिते काय?

तसे ती लिहीत नाही. निबंधाचा आरंभच ती धर्मापासून करते. ब्राह्मण म्हणतात की वेद ही आमची मालमत्ता, आम्हीच ते वाचावेत. मुक्ताबाई म्हणते, ठीक आहे, तुमचे म्हणणे खरे धरू. वेद जर केवळ तुमचे, तर ते आमचे नव्हेत हे उघडच आहे. मग त्या वेदांप्रमाणे चालावे असा आग्रह आम्हांला कोणी कशाला करावा? मुसलमान आपल्या कुराणाप्रमाणे चालतात, इंग्रज आपल्या बायबलाप्रमाणे चालतात, ब्राह्मण आपल्या वेदांप्रमाणे चालतात. आम्हांला कोणतेच पुस्तक नाही, तेव्हा आम्ही धर्मरहित ठरलो. असे म्हणून ती थेट देवालाच विचारते की आमचा धर्म कोणता तो आम्हांला कळव, म्हणजे आम्ही त्याप्रमाणे वागू. आणि पुढे ती आणखी एक गोष्ट मागते: ज्या धर्मात एकाने भोगावे आणि बाकीच्यांनी तोंडाकडे पाहावे, तो धर्म पृथ्वीवरून नाहीसा होवो, आणि अशा धर्माचा अभिमान बाळगावा असे आमच्या मनातही न येवो.

भगिनींनो, या युक्तिवादाकडे नीट पाहा. प्रतिपक्षाचेच म्हणणे मान्य करावयाचे आणि त्याचा शेवट त्याच्याच पदरात बांधावयाचा, हे मुरलेल्या वकिलाचे काम आहे. ते येथे तीन वर्षे शाळा शिकलेल्या मुलीने केले आहे. आणि तिने विचारलेला प्रश्न केवढा मोठा आहे! भाकरी मिळेल काय, पाणी मिळेल काय, हे तिने आधी विचारले नाही. आमचा धर्म कोणता, हे विचारले. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास बाबासाहेबांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली, तेव्हा देशभरातील पुढाऱ्यांना धक्का बसला. अस्पृश्यांना भाकरी हवी आहे, धर्माचे काय घेऊन बसलात, असे तेव्हा पुष्कळ शहाण्यांनी म्हटले. त्यांना हे ठाऊक नव्हते की ऐंशी वर्षांपूर्वी पुण्यातील एका मुलीने हाच प्रश्न भाकरीच्या आधी मांडून ठेवला होता.

भाकरीचे दुःख ती विसरली होती असे मात्र समजू नका. ती सांगते, ब्राह्मणांची पोरे मांगमहारांच्या मुलांना दगड मारून रक्त काढीत, तरी ती मुले कोठे तक्रार करीत नसत. का करीत नसत? कारण त्यांच्याच घरी उष्टेमाष्टे मागावयास जावे लागे. बाळंतीण होणाऱ्या आपल्या बायांच्या डोक्यावर छप्परही नसे. पावसात आणि थंडीत त्यांचे किती हाल होत असतील ते आपापल्या अनुभवावरून ओळखा, असे ती वाचणाऱ्यांना बजावते. अशा बाळंतिणीला रोग झाला तर वैद्याला आणि औषधाला पैसा कोठून आणावा? चौदा वर्षांच्या मुलीने छापील कागदावर बाळंतपणाचा विषय काढावा हे त्या काळी लहानसहान धाडस नव्हते. आजही आपल्या सभांतून पुरुष वक्ते हक्कांविषयी तासतास बोलतात, पण बाळंतिणीच्या खाटेपर्यंत त्यांचे भाषण क्वचितच पोहोचते.

आणि मग ती पेशवाईकडे वळते. आम्हांला गायीम्हशींपेक्षा नीच मानले एवढ्यावर ती थांबत नाही. बाजीरावाच्या राज्यात आम्ही गाढवापेक्षाही हलके होतो, असे ती म्हणते, आणि लगेच पुरावा देते: लंगड्या गाढवाला कोणी मारले तर त्याचा धनी भांडावयास येतो, मांगमहारांना मारले तर कोण येत होते? तालीमखान्यापुढून मांग किंवा महार गेला तर त्याचे मुंडके उडवून गुलटेकडीच्या मैदानात तलवारीचा दांडू करून चेंडूसारखे खेळत, हेही तिने लिहिले आहे. मोठे वाडे बांधताना आमच्या जमिनी घेतल्या, आणि आमच्या माणसांना तेलशेंदूर पाजून त्याच वाड्यांच्या पायांत गाडले, असे ती नोंदवते. आमच्यातील कोणी वाचावयास शिकला आणि ते बाजीरावाच्या कानी गेले, तर ब्राह्मणांनी आता काखेत धोकटी मारून विधवांच्या हजामती करीत फिरावे काय, असे म्हणून तो त्याला शिक्षा करी. राजवटीचे इतिहास दरबारी कागदपत्रांवरून लिहिले जातात. वाड्याच्या पायाखालून तो वाडा कसा दिसतो हे सांगणारा कागद मुक्ताबाईने लिहिला.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. मुक्ताबाईने इंग्रज सरकारचे गुणगान केले आहे, आणि त्यामुळे काही देशभक्तांना तिचे नाव घेणे अवघड जाते. मला त्यात अवघड वाटण्यासारखे काही दिसत नाही. ज्या राज्यात आपला जीव रस्त्याने चालताना सुरक्षित नव्हता ते राज्य गेले आणि दुसरे आले, त्यात शाळेचे दार किलकिले झाले, तर त्या दारातून आत गेलेली मुलगी आनंद व्यक्त करील, नाही तर काय करील? परक्या राज्याचे दोष पुढे बाबासाहेबांनी गोलमेज परिषदेत त्याच राज्यकर्त्यांच्या तोंडावर सांगितले. त्यासाठी लागणारे शिक्षण मात्र आपल्या समाजात कोठून तरी सुरू व्हावयास हवे होते.

आणखी एक गोष्ट आहे, ती आपल्याला जरा लागेल. मुक्ताबाई मांग होती. तिच्या निबंधाच्या मथळ्यात दोन जातींची नावे एकत्र आहेत. दुःख लिहावयास बसली तेव्हा तिने ते वाटून लिहिले नाही. आपण बौद्ध झालेल्यांपैकी बहुसंख्य पूर्वाश्रमीचे महार आहोत. त्रिशरण घेताना जात सोडली असे आपण म्हणतो. मग मांगवाड्यातील मुलगी सून म्हणून घरात आणण्याची गोष्ट निघाली म्हणजे किती घरांत मंडळी गप्प बसतात, याचा हिशेब ज्याने त्याने आपल्या घरी करावा. मी येथे कोणाला हात वर करावयास सांगत नाही.

निबंधाच्या अखेरीस तिने औषधही सांगितले आहे. मांगमहारांनो, तुम्ही दरिद्री आणि रोगी आहात, आणि ज्ञान हेच तुमचे औषध आहे, असा त्याचा मथितार्थ. आजीबाईच्या बटव्यातील औषध असते तसे हे औषध स्वस्त मात्र नव्हते. ते मिळविण्यासाठी आपल्या बायकांना काय द्यावे लागले याची एक गोष्ट नागपूरकडील आहे.

नागपूर जिल्ह्यातील उमरेडला १८९२ साली एका महार कुटुंबात जाईबाईंचा जन्म झाला. १८९६ च्या दुष्काळात त्यांचे कुटुंब पोट भरण्यासाठी नागपुरास आले. १९०१ साली, म्हणजे अवघ्या नवव्या वर्षी, बापूजी चौधरी यांच्याशी त्यांचे लग्न झाले. पुढे जाईबाई नागपूरहून कामठीपर्यंत डोक्यावरून बोजे वाहण्याचे काम करू लागल्या. नागपूर ते कामठी हे अंतर आज मोटारीने जाणाऱ्यांना जाणवत नाही. डोक्यावर ओझे घेऊन ते रोज कोणी तुडविले असेल तर त्यालाच ते ठाऊक. अशीच ओझी वाहताना ग्रेगरी नावाच्या एका मिशनरी बाईंची त्यांच्याशी गाठ पडली. या ओझेवालीला लिहिता-वाचता येते हे पाहून त्यांनी जाईबाईंना मिशनच्या शाळेत शिक्षिका म्हणून घेतले. पगार दरमहा चार रुपये.

कथा येथेच संपती तर ती व्रताच्या कहाणीसारखीच झाली असती. देवी प्रसन्न झाली आणि सर्व गोड झाले. पण नवी शिक्षिका कोणत्या जातीची आहे हे पालकांना कळले. तिने शिकविलेले अक्षर आपल्या मुलांना विटाळ करील असे त्यांना वाटले आणि त्यांनी मुले काढून घेण्यास सुरुवात केली. जाईबाईंची नोकरी गेली.

नोकरी गेल्यावर माणूस पुन्हा ओझ्याकडे वळतो. जाईबाईंनी तसे केले नाही. १९२२ साली त्यांनी नागपुरात मुलींसाठी स्वतःच शाळा काढली आणि तिला संत चोखामेळ्याचे नाव दिले. ज्या संताला देवळाच्या पायरीपाशीच थांबावे लागले त्याचे नाव मुलींच्या शाळेच्या दारावर लावले गेले. आपण आज ते नाव ठेवणार नाही, हे खरे. पण १९२२ साली आपल्या वस्तीत, आपल्या मुलींसाठी, एका ओझेवालीने काढलेली शाळा ही केवढी वस्तू आहे ते नावावरून जोखू नका. त्या साली बाबासाहेब अद्याप विलायतेत शिकत होते आणि बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन व्हावयास दोन वर्षे होती.

जाईबाईंच्या आयुष्यातील आणखी एक प्रसंग सांगितला पाहिजे. १९३७ च्या डिसेंबरात नागपुरास अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन भरले. सुशिक्षित, पुढारलेल्या, स्त्रियांच्या हक्कांविषयी बोलणाऱ्या बायकांची ती परिषद. जाईबाई तेथे गेल्या होत्या. जेवणाच्या वेळी सवर्ण बायकांनी त्यांना वेगळे बसविले. स्त्री म्हणून आम्ही सगळ्या एक, हे व्यासपीठावर. पंगतीत मात्र जात पुन्हा जागी. आपल्या बायका हा अपमान गिळून घरी गेल्या नाहीत. १ जानेवारी १९३८ रोजी त्यांनी नागपुरात सभा घेऊन त्या वागणुकीचा निषेध केला आणि आपले स्वतंत्र संघटन हवे असे ठरविले. हे ठराव म्हणजे फुकाची चीड नव्हती, हे साडेचार वर्षांनी दिसून आले.

१९४२ चा जुलै महिना. नागपुरातील मोहन पार्कवर अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली, तीच परिषद की जिच्यात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली. फेडरेशनची गोष्ट पुस्तकांत आहे. त्याच मंडपात २० जुलै रोजी महिलांची स्वतंत्र परिषद भरली होती, हे मात्र पुस्तकांत एका ओळीत उरकले जाते. वीस-पंचवीस हजार स्त्रिया जमल्या होत्या. अध्यक्षस्थानी होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. स्वागताध्यक्षा होत्या कीर्तीबाई पाटील. बाबासाहेबांनी या परिषदेत भाषण केले. एखाद्या समाजाची प्रगती मी त्यातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, आणि पत्नीने नवऱ्यापुढे मैत्रिणीप्रमाणे उभे राहावे, दासीप्रमाणे नव्हे, या अर्थाचे त्यांचे ते विचार तुम्ही ऐकलेले आहेत. परंतु त्या दिवशी बायकांनी काय ऐकले एवढेच आपण सांगतो. त्यांनी काय मागितले ते सांगावयाचे राहते.

अध्यक्षा सुलोचनाबाईंनी भाषणात संततिनियमनाचा पुरस्कार केला. साल १९४२! पुढे ज्याला सरकारने कुटुंबनियोजन म्हटले आणि त्याच्या पाट्या रस्त्यारस्त्यावर लावल्या, ते एका दलित स्त्रीने हजारो कष्टकरी बायकांपुढे उभे राहून स्वच्छ शब्दांत सांगितले होते.

मग ठराव झाले. पत्नीला घटस्फोटाचा कायदेशीर हक्क असावा. एक बायको असताना दुसरी करण्याची चाल कायद्याने बंद व्हावी. गिरण्या, विड्यांचे कारखाने, नगरपालिका आणि रेल्वे यांत राबणाऱ्या स्त्रियांना वर्षाकाठी २१ दिवसांची किरकोळ रजा आणि महिनाभराची पगारी रजा मिळावी, कामावर इजा झाली तर भरपाई मिळावी, आणि २० वर्षे काम केल्यावर दरमहा १५ रुपये निवृत्तिवेतन मिळावे. गिरणीत स्त्रियांच्या कामावर देखरेख करण्यास स्त्रीच असावी. मुलींसाठी दर प्रांतात सरकारी खर्चाने ५० जणींचे वसतिगृह असावे आणि प्राथमिक शिक्षण सक्तीचे व्हावे. कायदेमंडळात व इतर प्रातिनिधिक संस्थांत स्त्रियांना राखीव जागा असाव्यात.

या मागण्या कोणी केल्या ते पाहा. विड्या वळणाऱ्या बायकांना तंबाखूने बोटे काळी कशी होतात ते कोणी शिकवावे लागत नव्हते. गिरणीत पुरुष मुकादम असला म्हणजे काय होते, हे त्यांना ठाऊक होते, म्हणून स्त्री-देखरेखीचा ठराव आला. सवतीचे दुःख ज्यांनी एका खोलीच्या घरात भोगले त्यांनी द्विभार्येचा ठराव मांडला. आणि हे हक्क आले केव्हा? हिंदू विवाह कायदा संमत झाला तो १९५५ साली, म्हणजे या ठरावानंतर तेरा वर्षांनी. हिंदू संहितेचे बिल रखडविले गेले आणि त्यापायी बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले, हे आपण अभिमानाने सांगतो. त्या बिलातील विषयांचा ठराव आपल्या बायकांनी आधीच हात वर करून संमत केला होता, हेही त्याच अभिमानाने सांगितले पाहिजे. लोकसभेत आणि विधानसभांत स्त्रियांना राखीव जागा देणारी घटनादुरुस्ती तर संमत झाली २०२३ साली. मोहन पार्कवरील तो ठराव तोवर ८१ वर्षांचा झाला होता.

आता तुम्ही म्हणाल, या सगळ्यात धम्म कोठे आला? तिकडेच येतो.

मुक्ताबाईने आपला प्रश्न १८५५ साली विचारला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखो लोकांना दिली, तेव्हा त्या प्रश्नाला १०१ वर्षे झाली होती. पांढरी लुगडी नेसून आलेल्या त्या बायकांपैकी मुक्ताबाईचे नाव किती जणींनी ऐकले असेल? तरीही त्या तिच्याच प्रश्नाचे उत्तर द्यावयास आल्या होत्या. पण तिने एक अट घातली होती हे विसरू नका. एकाने भोगावे आणि बाकीच्यांनी पाहावे असा धर्म तिला नको होता. तेव्हा आपण स्वीकारलेला धम्म या अटीला उतरतो किंवा नाही हे तपासण्याचा हक्क तुम्हां स्त्रियांना आहे. त्यासाठी तुम्ही त्याच्या ग्रंथांत पाहा.

पाली त्रिपिटकात थेरीगाथा नावाचा एक संग्रह आहे. त्र्याहत्तर थेरींच्या नावाने किंवा त्यांच्या समूहाने सांगितलेल्या गाथांचा तो ग्रंथ. ज्या देशात पुढे स्त्रीच्या कानी वेद पडू नये असे ठरले, त्याच देशात स्त्रियांचे शब्द धर्मग्रंथ म्हणून जपले गेले. आणि त्या स्त्रिया केवळ राजघराण्यातील नव्हत्या. त्यांत पुण्णा आहे, तिलाच पुण्णिका असेही म्हणतात. ती दासीची मुलगी. अट्ठकथा सांगते की श्रावस्तीच्या अनाथपिंडिकाच्या घरी ती जन्मली आणि तिचे काम पाणी भरण्याचे होते.

थंडीचे दिवस. पुण्णा नदीवर पाणी आणावयास गेली आहे. मालकिणीचा मार आणि शिव्या यांच्या भीतीने तिला थंडीतही पाण्यात उतरावेच लागते. तेथे तिला एक ब्राह्मण दिसतो. तोही गारठ्यात पाण्यात उभा आहे, थरथर कापतो आहे. पुण्णा त्याला विचारते, मी तर मालकिणीला भिऊन पाण्यात उतरते, तू कोणाला भितोस? ब्राह्मण म्हणतो, तुला ठाऊक असून विचारतेस काय? मी पाप धुऊन टाकतो आहे. तेव्हा ती त्याला म्हणते, हे तुला कोणी सांगितले? न जाणणाऱ्याने न जाणणाऱ्याला सांगितले असेल. पाण्याने पाप धुतले जात असेल तर मग सगळे बेडूक, कासवे, साप आणि सुसरी स्वर्गाला जातील. चोर आणि खाटीक अंगावर पाणी ओतून मोकळे होतील. आणि या नद्या जर तुझे पाप वाहून नेत असतील तर तुझे पुण्यही वाहून नेतील, मग तुझ्यापाशी राहणार काय? ज्या पापाला भिऊन तू कुडकुडतोस ते पापच करू नकोस म्हणजे झाले. ब्राह्मणाला ते पटले. त्याने आपले वस्त्र तिला देऊ केले. ते तू ठेव, मला नको, असे ती म्हणाली. तो ब्राह्मण बुद्धाला शरण गेला.

पाणी भरणाऱ्या दासीने नदीकाठी ब्राह्मणाला वादात जिंकले आणि ते ग्रंथात लिहून ठेवले गेले. आता ही गोष्ट १९२७ च्या शेजारी ठेवून पाहा. त्या साली २० मार्चला महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी प्राशन केले, आणि आपल्या लोकांच्या स्पर्शाने तळे बाटले म्हणून सनातन्यांनी ते पंचगव्याने शुद्ध करून घेतले. पाण्याने पाप धुतले जाते असे मानणाऱ्यांनी पाणीच धुऊन काढले. पुण्णा तेथे असती तर तिने काय विचारले असते? मुक्ताबाईने जी रीत वेदांच्या बाबतीत वापरली तीच पुण्णाने नदीच्या बाबतीत वापरली आहे. समोरच्याचे म्हणणे खरे धरा, आणि ते कोठवर जाते ते त्याला दाखवा. बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात प्रकृती नावाच्या चांडाळकन्येची दीक्षाही आहे. तो ग्रंथ तुमच्या विहारात असेल. त्यातील ते प्रकरण उद्या मोठ्याने वाचून घ्या आणि मुलींना पुढे बसवा.

एक शेवटची सूचना करून मी माझे भाषण आटोपते घेतो. १९८९ साली उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. आंबेडकरी चळवळीत वावरलेल्या बायकांना त्या दोघींनी गावोगाव जाऊन गाठले, त्यांच्याकडून ऐकले आणि ते लिहून घेतले. जाईबाईंसारख्यांची हकीकत आज आपण सांगू शकतो ती अशा कष्टांमुळे. मुक्ताबाईच्या बाबतीत कोणी तसे लिहून घेतले नाही, म्हणून तिचा निबंध उरला आणि ती उरली नाही.

तुमच्या घरात १९५६ च्या दीक्षेची आठवण असलेली एखादी म्हातारी असेल. त्या दिवशी ती दहा वर्षांची होती असे धरले तरी आज ती ऐंशीच्या घरात आहे. किंवा तुमचे घर अलीकडेच धम्मात आले असेल, मग घरातील सर्वांत वयस्क स्त्री हीच तुमची साक्षीदार. एक साधी दोनशे पानी वही आणा. पहिल्या पानावर तिचे नाव लिहा, आणि लग्नापूर्वीचे नावही लिहा, कारण ते पुष्कळदा नातवंडांना ठाऊकच नसते. तिच्या आईचे नाव लिहा. गाव कोणते, पाणी कोणत्या विहिरीचे आणि किती लांबून आणावे लागे, कोणाच्या शेतावर किंवा कोणत्या कारखान्यात मजुरी केली आणि किती आणे मिळत, शाळेत गेली होती काय आणि गेली असल्यास कोठे बसविले जाई, टाक कोणी नदीत सोडले आणि तेव्हा घरात कोण रडले, हे विचारा. तिने सांगितले तसे, तिच्याच बोलीत लिहा. सुधारून लिहू नका. लिहिण्याचे काम घरातील शाळेत जाणाऱ्या मुलीला द्या. आणि एक-एक पान लिहून झाले की ते आजीला वाचून दाखवा. कोठे चुकले असेल तर ती मध्येच थांबवील आणि सांगेल.